एक्लॅम्पसिया : कारण सापडण्याआधी सापडलेला इलाज

गरोदर बाईचे डोके जड होऊन दुखू लागले आणि सोबत झटके आले तर ते वाईट लक्षण, असे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रीक ग्रंथांत म्हटले आहे. इतकी जुनी ओळख असूनही हा आजार, म्हणजे गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या सुमारास झटके आणणारा एक्लॅम्पसिया, पुढे कित्येक शतके मिरगीतच मोजला गेला. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या मोरिसो यांनी पहिलटकरणीला धोका जास्त असल्याचे नोंदवले, आणि ते आजही खरे आहे. १७३९ मध्ये सोवाज यांनी हे झटके मिरगीपासून वेगळे काढले : मिरगी जुनाट, हे मात्र अचानक उद्भवणारे.

खरा धागा हाती लागला तो लघवीच्या तपासणीतून. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले जॉन लिव्हर यांना या बायकांची सूज मूत्रपिंडाच्या रोग्यांसारखी दिसली. त्यांनी लघवी उकळून पाहिली, तर तिच्यात प्रथिने निघाली. हे १८४३ चे. बाळंतपणानंतर ती लवकर नाहीशी होतात, हेही त्यांच्या लक्षात आले. म्हणजे हा नेहमीचा मूत्रपिंडाचा विकार नव्हता. रक्तदाबाला मात्र आणखी अर्धशतक थांबावे लागले, कारण तो मोजायला सोपे साधनच नव्हते. रिवा-रोची यांचे पाऱ्याचे यंत्र १८९६ मध्ये आले आणि दुसऱ्याच वर्षी पॅरिसमध्ये वाकेज आणि नोबेकूर यांनी झटके येणाऱ्या बायकांचा रक्तदाब चढलेला असल्याचे दाखवले. झटक्यांच्या आधीचा टप्पा, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, पकडता येऊ लागला तो यामुळे. गरोदरपणात दर भेटीला रक्तदाब आणि लघवी का तपासतात, याचे उत्तर या दोन शोधांत आहे.

इलाजांचा इतिहास वाचताना अंगावर काटा येतो. रक्त काढायचे, जुलाब द्यायचे, गर्भाशयाचे तोंड बळाने उघडून मूल बाहेर ओढायचे. शरीरात कसले तरी विष तयार होते असा समज होता, आणि ते विष कोणते यावर प्रत्येकाचा वेगळा सिद्धांत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रशियात स्ट्रोगानोव यांनी उलट वाट धरली : अंधारी, शांत खोली, मॉर्फिन आणि क्लोरल हायड्रेट, आणि बाळंतपणाची घाई नाही.

मॅग्नेशियम सल्फेट हे झटके आवरणारे औषधही याच काळातले. १९०६ मध्ये जर्मनीत ते पाठीच्या कण्यात टोचले गेले, विसाच्या दशकात अमेरिकेत शिरेतून दिले जाऊ लागले, आणि १९५५ पासून डॅलसमध्ये प्रिचर्ड यांनी त्याची ठरावीक पद्धत बसवली. औषध स्वस्त, पण मात्रा जास्त झाली तर श्वास थांबू शकतो. म्हणून गुडघ्यावर हलके ठोकल्यावर पाय उडतो का ते, श्वास आणि लघवी पाहत राहायचे, उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवायचे. एवढे असूनही अनेक देशांत डॉक्टर डायझेपाम किंवा फेनिटॉइन या झटक्यांवरच्या दुसऱ्या औषधांवरच भिस्त ठेवून होते. निकाल लागला १९९५ मध्ये, अनेक देशांतल्या सुमारे १,७०० बायकांवर झालेल्या चाचणीत : पुन्हा झटके येण्याचे प्रमाण डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्क्यांनी कमी. २००२ च्या मॅगपाय चाचणीत दहा हजारांहून अधिक बायका होत्या; प्रीएक्लॅम्पसियात आधीच औषध दिले तर एक्लॅम्पसियाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे तिने दाखवले. नव्वद वर्षे वापरात असलेल्या औषधाला पुरावा मिळायला इतका वेळ लागावा, हे मला तरी खटकते.

कारणाचा शोध दरम्यान वारेपर्यंत (प्लासेंटापर्यंत) येऊन पोचला. द्राक्षगर्भात, म्हणजे गर्भाशयात गर्भ नसून वारेचीच द्राक्षांच्या घोसासारखी वाढ होते तेव्हाही, हा आजार होतो, म्हणजे दोष बाळाकडे नाही, हे दिसत होतेच. १९६७ मध्ये ब्रोसेन्स आणि सहकाऱ्यांनी वारेला रक्त पुरवणाऱ्या गर्भाशयातल्या धमन्यांचा अभ्यास मांडला. निरोगी गरोदरपणात त्या रुंद होतात. या आजारात पुष्कळदा अरुंदच राहतात. रक्त कमी मिळालेली वार काही प्रथिने आईच्या रक्तात सोडते आणि तिच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, असे २००३ नंतरच्या संशोधनाने दाखवले. धोका जास्त असलेल्या बायकांना गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच कमी मात्रेत ॲस्पिरिन देण्यामागचा विचार वारेशीच जोडलेला आहे.

पण वार पडली म्हणजे धोका टळला असे नाही. झटके बाळंतपणानंतरही येतात, बहुधा पहिल्या ४८ तासांत, क्वचित काही आठवड्यांनीही. म्हणूनच मॅग्नेशियम बाळंतपणानंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर २४ तास चालू ठेवतात, आणि घरी गेलेल्या बाळंतिणीची तीव्र डोकेदुखी किंवा अंधुक दिसणे थकव्यावर ढकलता येत नाही.