राष्ट्रीय ओळखपत्रांना विरोध

सरकारने प्रत्येक नागरिकाला सक्तीने एकच ओळखपत्र देणे, ते जवळ बाळगायला लावणे आणि त्यामागे देशभराची मध्यवर्ती नोंदवही ठेवणे, याला अनेक देशांत झालेला सार्वजनिक, संसदीय व न्यायालयीन विरोध. पासपोर्ट आणि ओळखपत्रांत चिप बसू लागल्यापासून त्यात खासगीपणाच्या नव्या तक्रारींची भर पडली. नाव कार्डाचे घेतले जात असले, तरी खरा आक्षेप बहुधा दोन गोष्टींवर असतो : मागेल तेव्हा ते दाखवण्याची सक्ती आणि कार्यालयात राहणारी नोंद. चिपमुळे तिसरा आक्षेप आला : धारकाच्या नकळत कार्ड वाचले जाण्याचा.

पूर्वपीठिका. विसाव्या शतकातला पहिला मोठा संघर्ष दक्षिण आफ्रिकेतला. ट्रान्सवालमधील आशियाई रहिवाशांवर बोटांच्या ठशांसह नोंदणीची सक्ती येताच ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली आणि गांधींच्या सत्याग्रहाला सुरुवात झाली. १६ ऑगस्ट १९०८ रोजी तिथल्या हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रे कढईत टाकून, वर रॉकेल ओतून जाळण्यात आली. पुढे त्याच देशात कृष्णवर्णीयांना कुठे राहता-फिरता येईल हे ठरवणारा ‘पास’ बाळगावा लागे. ९ ऑगस्ट १९५६ रोजी सुमारे वीस हजार स्त्रियांनी प्रिटोरियात त्याविरुद्ध मोर्चा काढला. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे लोक पास घरी ठेवून ‘आम्हाला अटक करा’ म्हणत पोलीस ठाण्यावर गेले. पोलिसांनी गोळीबार केला आणि अधिकृत आकड्यानुसार ६९ माणसे मेली. पासचे कायदे रद्द व्हायला १९८६ उजाडले.

नोंदवही वाईट हातांत पडली तर काय होते, याचे उदाहरण म्हणून नेदरलँड्सचे नाव नेहमी घेतले जाते. तिथली लोकसंख्या नोंदणी युद्धापूर्वीच अतिशय काटेकोर होती आणि तीत धर्माचाही रकाना होता. जर्मन ताब्यात ती आयतीच आली. २७ मार्च १९४३ रोजी प्रतिकार चळवळीतल्या एका गटाने पोलिसांचे गणवेश चढवून ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात प्रवेश मिळवला आणि कार्डांच्या कपाटांना आग लावली. सगळी कार्डे काही जळली नाहीत. गटातल्या बाराजणांना पुढे मृत्युदंड झाला. रवांडात बेल्जियन राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर वंशगट छापायला सुरुवात केली. १९९४ च्या नरसंहारात रस्त्यारस्त्यावरच्या नाक्यांवर तेच कार्ड पाहून माणसे वेगळी काढली गेली. या दोन्ही ठिकाणी रकाने भरून घेणारे सरकार वेगळे होते आणि वापरणारे वेगळे. ‘आजच्या सरकारवर विश्वास आहे ना?’ हा समर्थकांचा प्रश्न म्हणूनच अपुरा पडतो.

ब्रिटन व ऑस्ट्रेलिया. ब्रिटनमध्ये १९३९ साली युद्धासाठी ओळखपत्रे आली आणि युद्ध संपल्यावरही राहिली. डिसेंबर १९५० मध्ये उत्तर लंडनच्या फिंचली भागात पोलिसाने क्लॅरेन्स विल्कॉक यांची मोटार थांबवून कार्ड मागितले. त्यांनी ते दाखवले नाही आणि नंतर ठाण्यात आणून दाखवायलाही नकार दिला. खटला वरच्या न्यायालयात गेला. कायद्याच्या अक्षरापुरते विल्कॉक दोषी ठरले, शिक्षा मात्र झाली नाही. उलट युद्धकाळातला कायदा भलत्याच कामांसाठी वापरून सरळमार्गी माणसांना गुन्हेगार बनवले जात आहे, अशा शब्दांत सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी पोलिसांना सुनावले. फेब्रुवारी १९५२ मध्ये कार्डे रद्द झाली.

पुढे २००६ च्या कायद्याने ती चिप आणि बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, चेहरा अशा शारीरिक खुणांच्या) नोंदवहीसह परत आणायचे ठरले. २००४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नो टू आयडी’ या संघटनेने रान उठवले होतेच. पण तिला सर्वांत मोठी मदत सरकारनेच केली, असे म्हणावे लागेल : बालभत्ता घेणाऱ्या कुटुंबांतील अडीच कोटी लोकांची माहिती असलेल्या दोन सीडी कर खात्याने टपालात हरवल्याचे नोव्हेंबर २००७ मध्ये उघड झाले. २०१० मध्ये नव्या सरकारने कायदा मोडीत काढला. तीस पौंड भरून कार्ड घेतलेल्या हजारो लोकांना पैसे परत मिळाले नाहीत. नोंदवहीच्या हार्ड डिस्क फेब्रुवारी २०११ मध्ये यंत्रात घालून चुरा करण्यात आल्या.

ऑस्ट्रेलियात तर या प्रश्नावर संसद बरखास्त झाली. करचोरी रोखण्यासाठी पंतप्रधान बॉब हॉक यांच्या सरकारने १९८५ मध्ये ‘ऑस्ट्रेलिया कार्ड’ मांडले. सेनेटने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, ते फेटाळल्यावर दोन्ही सभागृहे विसर्जित होऊन जुलै १९८७ मध्ये निवडणूक झाली. सरकार निवडून आले. मग ईवर्ट स्मिथ या निवृत्त सनदी अधिकाऱ्याने विधेयकातली फट दाखवली : अंमलबजावणीची तारीख ठरवणारा नियम सेनेटला नामंजूर करता येत होता. एव्हाना लोकमतही उलटले होते. सप्टेंबरमध्ये योजना गुंडाळली गेली.

चिपचा प्रश्न. चिप असलेला पहिला पासपोर्ट मलेशियाने १९९८ मध्ये काढला. आजचे पासपोर्ट आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार असतात. त्यातली चिप बिनस्पर्शाची असून तिला स्वतःची वीज नसते. वाचक यंत्राच्या १३.५६ मेगाहर्ट्‌झच्या क्षेत्रात आली की तिथूनच ती ऊर्जा घेते. वाचनाचे अपेक्षित अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास.

२००५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने चिपमधली माहिती कुलूपबंद न करता ठेवायचा बेत जाहीर केला. त्यावर २,३३५ प्रतिक्रिया आल्या आणि त्यांतल्या ९८.५ टक्के प्रतिकूल होत्या. परक्या देशात गर्दीतून अमेरिकी माणूस हेरता येईल, ही भीती बहुतेकांनी बोलून दाखवली. खाते नमले. मुखपृष्ठात धातूचे अस्तर आले आणि ‘मूलभूत प्रवेश नियंत्रण’ ही कुलपाची पद्धत स्वीकारली गेली. तीत पासपोर्ट उघडून तळाच्या दोन छापील ओळी यंत्राने वाचाव्या लागतात. त्यांतला पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख मिळून किल्ली तयार होते, आणि मगच चिप बोलते. कल्पना चांगली, पण तिन्ही गोष्टी गुप्त नाहीत. जो कोणी पासपोर्टची झेरॉक्स काढून घेतो, त्याच्याकडे किल्ली असते. डच पासपोर्टांचे क्रमांक ओळीने दिले जात असल्याने किल्लीचा अंदाज बांधणे आणखी सोपे गेले. २०१० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांना तर किल्लीचीही गरज पडली नाही. एकदा टिपून ठेवलेला संदेश पुन्हा पाठवला की तोच पासपोर्ट इतरांहून वेगळे उत्तर देई, किंवा उत्तराला किंचित जास्त वेळ लावी. त्यातून आतली माहिती मिळत नसे. एवढेच कळे की मघाचा माणूस पुन्हा आला आहे. पुढे ‘पेस’ नावाची अधिक भक्कम पद्धत आली.

अमेरिकेचे २००८ पासूनचे ‘पासपोर्ट कार्ड’ मात्र मुद्दामच काही मीटरवरून वाचता येईल असे बनवले गेले, म्हणजे सीमेवर मोटारींची रांग भराभर पुढे सरकावी. त्यात फक्त एक क्रमांक असतो, नावगाव नसते, असे सरकारचे म्हणणे. माग काढणाऱ्याला क्रमांकच पुरतो, असे टीकाकारांचे. कार्डासोबत संरक्षक पाकीटही दिले जाते.

दुरून वाचले जाण्याची धास्ती थोडी फुगवलेली आहे, हेही नोंदवायला हवे. माणसाचा माग काढायला त्याच्या हातातला मोबाइल केव्हाही सोयीचा. चिपचे अधिक गंभीर अपयश एस्टोनियात दिसले. तिथे ओळखपत्रातल्या चिपने डिजिटल सही करता येते. २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या संशोधकांना चिपमधल्या सहीच्या गुप्त किल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीत दोष सापडला आणि सुमारे साडेसात लाख कार्डे त्याच्या कचाट्यात आली. ३ नोव्हेंबरला सरकारने त्यांची प्रमाणपत्रे स्थगित केली. कार्डाची चोरी झाली नव्हती, नोंदवही फुटली नव्हती. कारखान्यातून आलेला दोष लाखो खिशांत एकाच वेळी पोचला होता.

न्यायालये आणि मतपेट्या. पोर्तुगालच्या राज्यघटनेत नागरिकांना एकच राष्ट्रीय क्रमांक देण्याला बंदी आहे. फिलिपाइन्स (१९९८), जमैका (२०१९) आणि केनिया (२०२१) येथील न्यायालयांनी ओळख योजना रोखल्या. जमैकाच्या सरन्यायाधीशांनी भारतातल्या आधार खटल्यातील न्या. चंद्रचूड यांच्या अल्पमताच्या निकालाचा आधार घेतला. आधार ही मुळात चिप नसलेली योजना. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ४ विरुद्ध १ मतांनी ती बहुतांशी वैध ठरवली आणि खासगी कंपन्यांच्या वापराचे कलम खोडले. मॉरिशसच्या प्रकरणात वाद थेट चिपवर साठवलेल्या ठशांचा होता. कार्ड हरवले वा चोरीला गेले तर ठशांचे रक्षण कसे होणार याचा पुरेसा खुलासा सरकारने केला नाही, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०२१ मध्ये खासगीपणाच्या हक्काचा भंग झाल्याचे म्हटले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मात्र मार्च २०२४ मध्ये ओळखपत्रातल्या ठशांना मान्यता दिली. मूळ नियम चुकीच्या कायदेशीर आधारावर केल्याबद्दल रद्द ठरवला, पण तो बदलायला २०२६ अखेरपर्यंत मुदत दिली.

स्वित्झर्लंडमध्ये हा प्रश्न तीनदा थेट मतदारांपुढे गेला. २००९ मध्ये बायोमेट्रिक पासपोर्ट जेमतेम ५०.१ टक्के मतांनी पार पडला. २०२१ मध्ये खासगी कंपन्यांनी चालवायची इलेक्ट्रॉनिक ओळख ६४.४ टक्क्यांनी धुडकावली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने स्वतः चालवायची, ऐच्छिक आणि धारकाच्याच मोबाइलमध्ये राहणारी योजना ५०.३९ टक्क्यांनी मंजूर झाली.