'गर्ल्स लाइक यू'मधून कार्डी बीला कापलं? नाही हो!

मरून 5 या अमेरिकन बँडच्या 'गर्ल्स लाइक यू' गाण्याचं बिनरॅपचं व्हर्जन कुठे ऐकलं की लगेच कोणीतरी म्हणतं, बघा, रॅपर कार्डी बीचा भाग कापला. अहो, कापायला तो आधी होताच कुठे! गाणं पहिल्यांदा आलं नोव्हेंबर 2017 मध्ये 'रेड पिल ब्लूज' अल्बमवर आणि त्यात रॅप नव्हताच, बँडचा गायक ॲडम लेव्हिन एकटाच गातो. कार्डी बी आली ती मे 2018 च्या सिंगलमध्ये, त्याच्याच व्हिडिओत ॲडम माइकपाशी उभा, कॅमेरा गोल फिरतोय आणि मागे एकेक बाई बदलत जाते, शेवटी त्याची बायको न् मुलगी. हेच व्हर्जन बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या हिट गाण्यांच्या यादीत, 7 आठवडे नंबर वन होतं, म्हणून लोकांना तेच ओरिजिनल वाटतं. मला तर दोन्ही आवडतात.