तळाशी चाललेली उफणणी

बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीच्या परिसरातला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. मलप्रभा इथून पूर्वेला निघते आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. खानापूर तालुक्यातच, भीमगडच्या रानात जन्मलेली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. मलप्रभेची बरीचशी माती नविलुतीर्थाच्या आणि पुढच्या धरणांत अडकते, मांडवीची किनाऱ्यालगत बसते. उरलेला अगदी बारीक गाळ खोल समुद्राच्या वाटेला लागतो. तो तिथे शांतपणे तळाशी बसून राहत असेल, असंच कुणालाही वाटेल.

शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. चार-पाच किलोमीटर खोल, उजेड नाही, लाटा नाहीत. तिथे हलणार काय? मग दोरीला कॅमेरे बांधून तळाचे फोटो काढले गेले आणि चिखलावर वळ्या दिसल्या, ओढ्याच्या वाळूत उठतात तशाच. हीझन, हॉलिस्टर आणि रडिमन यांनी १९६६ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा दाखला देऊन मांडलं, की खोल प्रवाह समुद्रतळाचे उतार घडवतात.

हे पाणी येतं कुठून? अंटार्क्टिकाजवळ समुद्र गोठताना मीठ बर्फाबाहेर राहतं. उरलेलं पाणी जास्त खारं, अतिथंड, म्हणून जड होतं. ते तळ गाठतं आणि उत्तरेकडे सरपटू लागतं. आपल्या हिंदी महासागराची उत्तरेची बाजू जमिनीने बंद आहे, त्यामुळे असं पाणी इथे तयार होत नाही. अरबी समुद्राच्या तळाचा गारवाही दक्षिणेकडूनच आलेला.

आता खरी गंमत. पाणी उताराने खाली जातं हे आपण जन्मापासून पाहतो. पण पृथ्वी फिरते, आणि तिच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात प्रवाह उजवीकडे वळू पाहतो, दक्षिणेत डावीकडे. खाली ओढणारा उतार आणि हा जोर यांचा तोल साधला, की पाणी खाली न जाता एकाच खोलीवरून आडवं वाहू लागतं. माळावर समतल चर खणणाऱ्यांना ही रेघ लगेच ओळखता येईल. फक्त या चराला बाहेरचा बांध नाही.

वेग फार नसतो. सेकंदाला १० सेंटिमीटर म्हटलं तरी तासाला ३६० मीटरच. पण १९८०च्या दशकात कॅनडाच्या नोव्हा स्कोशियापुढे, पावणेपाच-पाच किलोमीटर खोलीवर उपकरणं ठेवली, तेव्हा तिथे चक्क वादळं सापडली. वेग २० सेंटिमीटरच्या वर जायचा आणि तळाजवळचं पाणी कित्येक दिवस गढूळ राहायचं.

अशा पाण्यात गाळाची उफणणी होते. भात झोडपल्यावर वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून सूप उंच धरलं, की भरलेला दाणा पायाशी पडतो, पोचट जरा पुढे, भुसा खळ्याच्या कडेला. वारा कसा होता, ते नंतर राशीकडे बघूनही कळतं. मकेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५मध्ये हेच गाळाला लावलं: १० ते ६३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण मोजायचे, ते सरासरीने जितके जाडे, तितका त्या काळचा प्रवाह जोरकस. याहून बारीक कण चालत नाहीत, कारण ते एकमेकांना चिकटतात. खानापूरच्या कुंभाराला हे वेगळं सांगायला नको. त्याचं पोट त्या चिकटपणावरच आहे.

प्रवाह जिथे मंदावतो तिथे ढीग साचतात, शेकडो किलोमीटर लांब आणि शेकडो मीटर जाड. त्यांना कंटूराइट म्हणतात. जिब्राल्टरमधून बाहेर पडणारं भूमध्य समुद्राचं खारट पाणी स्पेन-पोर्तुगालच्या उताराला बिलगून असेच ढीग रचतं. २०११-१२मध्ये तिथे मुद्दाम छिद्रं पाडून लाखो वर्षांचा गाळ वर काढला गेला.

जे प्रवाह चिखल गोळा करतात, ते बाकीचंही गोळा करतात. इटलीच्या पश्चिमेला तिऱ्हेनियन समुद्रात, अशाच ढिगांमध्ये, तळाच्या वरच्या पातळ थरात एका चौरस मीटरला १९ लाखांपर्यंत प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण निघाल्याचं २०२०मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांतले बहुतेक कपड्यांतून सुटलेले धागे होते.