टाके बाहेरचे, इजा आतली

बाळंतपणात टाके किती पडले, हे घरातल्या सगळ्या बायकांना ठाऊक असते. ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखा पसरलेला हा स्नायूंचा पट मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना खालून तोलून धरतो. लघवी, वायू आणि शौच रोखून धरण्याची आपली क्षमताही बऱ्याच अंशी त्याच्यावरच अवलंबून असते.

गरोदरपणात संप्रेरकांमुळे ऊती सैलावतात आणि वाढत्या गर्भाचे वजन या पटावर येते, म्हणून शेवटच्या महिन्यांत शिंकताना थोडी लघवी निसटते. सिझेरियन झालेल्या स्त्रीलाही ही तक्रार राहू शकते, ती त्यामुळेच. खरा कस मात्र बाळाचे डोके बाहेर येताना लागतो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये संगणकीय प्रतिकृतीच्या आधारे दाखवले, की या पटाचा सर्वांत आतला भाग त्या वेळी मूळ लांबीच्या सव्वातीन पटींपर्यंत ताणला जातो. सांगाड्याचा एरवीचा स्नायू दीडपटीपलीकडे ताणला तर त्याला इजा होते, हे लक्षात घेतले तर बहुतेक स्त्रियांचा हा पट शाबूत राहतो याचेच नवल वाटावे.

काहींचा तो शाबूत राहत नाही. स्नायू जघनास्थीवरच्या आपल्या जागेवरून एका किंवा दोन्ही बाजूंनी उपटला जातो, आणि चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत हा धोका बराच वाढतो. त्याच विद्यापीठातील २००३ च्या एका अभ्यासात, पहिले बाळंतपण योनीमार्गे झालेल्या १६० स्त्रियांचे एमआरआय काढले, तेव्हा ३२ जणींच्या स्नायूत दोष दिसला. यांतील निम्म्या स्त्रिया लघवी निसटण्याच्या तक्रारीमुळेच निवडलेल्या होत्या, त्यामुळे हे प्रमाण सरसकट सगळ्यांना लावता येणार नाही. परंतु मूल न झालेल्या ८० जणींपैकी एकीतही असा दोष आढळला नाही. ही इजा कातडीवर दिसत नाही, म्हणून टाके घालताना ती सहज नजरेतून सुटते.

तिचे परिणाम कधी कधी वीस-तीस वर्षांनी, पाळी गेल्यावर उघड होतात. ‘अंग बाहेर येते’ असे बायका आपसांत कुजबुजतात, ते याच पटाचा आधार ढिला पडल्यामुळे. कपाशीच्या वेचणीला वाकून ओझे उचलणाऱ्या स्त्रीला दिवस कलताना खाली जडपणा जाणवतो आणि रात्री आडवे झाल्यावर तो ओसरतो, ही त्याची नेमकी खूण आहे. लघवी निसटू नये म्हणून पाणी कमी पिणे हा उपाय तर नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, घातकच ठरतो. शिवाय दाट झालेली लघवी मूत्राशयाला अधिकच चाळवते.

बाळंतिणीचे पोट घट्ट बांधण्याने हा पट सावरत नाही. त्याला व्यायाम हवा. अमेरिकी डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेली पद्धत आजही पहिला उपचार आहे: वायू रोखताना आवळतो तेच स्नायू पोट न ताणता आणि श्वास न रोखता आवळायचे, सोडायचे, एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पुष्कळ जणी चुकून खाली जोर लावतात आणि त्याने उलट अपायच होतो, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून ते शिकून घेणे बरे. उपटलेला स्नायू व्यायामाने हाडाला पुन्हा चिकटत नाही, परंतु उरलेले स्नायू बळकट होतात. अंग बाहेर येत असेल तर योनीत बसवायची रिंग किंवा शस्त्रक्रिया, असे पर्याय नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा डागा या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारता येतात.

अडलेल्या, फार लांबलेल्या प्रसूतीनंतर लघवी रात्रंदिवस, खोकल्या-शिंकेविना गळत राहिली, तर मात्र व्यायामात वेळ घालवू नये. दीर्घकाळ दाबली गेलेली ऊती मरून मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेले असू शकते, आणि ते वेळीच लक्षात आले तर काही वेळा मूत्राशयात नुसती लघवीची नळी ठेवूनही भरून येते.