वॉटर पंप कोणत्या बेल्टवर आहे, ते आधी पाहा

'गाडीचा वॉटर पंप घरी बदलता येतो का?' या प्रश्नाला 'सहज येतो' आणि 'चुकूनही हात लावू नका' अशी दोन्ही उत्तरे सारख्याच ठामपणे दिली जातात. गंमत म्हणजे दोघेही खरेच बोलत असतात, फक्त वेगवेगळ्या इंजिनांविषयी. एकाच्या गाडीत इंजिन गार ठेवणारे कूलंट फिरवणारा हा पंप बाहेरच्या बेल्टवर, म्हणजे सर्रास ज्याला फॅन बेल्ट म्हटले जाते त्यावर फिरतो, तर दुसऱ्याच्या गाडीत टायमिंग बेल्टवर. गाडी कोणती, हे न विचारताच सल्ला देणाऱ्यांची मला चीड येते.

बाहेरच्या बेल्टवरच्या पंपाबद्दल फार लिहायला नको. स्विफ्टचे १.२ लिटर पेट्रोल किंवा १.३ लिटर डिझेल इंजिन हे त्याचे ओळखीचे उदाहरण. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंट काढावे; पुली बोल्टने बसवलेली असेल तर बेल्ट ताणलेला असतानाच ते बोल्ट ढिले करून घ्यावेत, कारण बेल्ट काढल्यावर पुली पान्याबरोबर नुसती गरगरत राहते; मग पंप उतरवून जागा साफ करावी आणि नव्या पॅकिंगसह नवा पंप बसवावा. काही चुकलेच तर गळती होते, ती दिसते आणि पुन्हा खोलून दुरुस्त करता येते.

डस्टर किंवा टेरानोच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात मात्र पंप टायमिंग बेल्टवर असतो, आणि खरा घोटाळा इथेच होतो. पंप दिसायला तसाच, बोल्टही तसेच, त्यामुळे काम तेच आहे असा समज होतो. पण या बेल्टचे मुख्य काम पंप फिरवणे नसून क्रँकशाफ्ट (पिस्टनांनी फिरणारा दांडा) आणि कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) यांचा मेळ राखणे हे आहे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. हा मेळ चुकला, तर पिस्टन वर येताना व्हॉल्व्ह उघडा सापडतो, आणि डिझेल इंजिनात वरची जागा इतकी थोडी असते की दोघांची टक्कर होते. म्हणजे इथल्या चुकीची किंमत गळती नसून वाकलेले व्हॉल्व्ह आणि उतरवलेले हेड (व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग) ही असते. थोडक्यात, तुम्ही टायमिंगचे काम काढलेले असते आणि पंप त्यात जाता जाता बदलला जातो.

व्हाइटनरने बेल्टवर आणि दात्यांवर खुणा करून काम भागवण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. बेल्ट सुटताच व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबाने कॅम झटक्यात सरकू शकतो आणि खूण जागेवर राहत नाही. त्या इंजिनासाठी दिलेल्या पिनांनी क्रँक आणि कॅम अडकवूनच बेल्ट काढावा. नवा बेल्ट ताणून झाल्यावर पिना काढाव्यात, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या चालीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे आणि पिना पुन्हा बसतात का ते पाहावे. एक फेरा पुरत नाही. क्रँक जागेवर आलेला दिसतो, पण कॅम तेव्हा अर्ध्याच वाटेवर असतो. फिरवताना कुठे अडले तर जोर लावू नये. ते अडणे म्हणजे बहुधा व्हॉल्व्हच असतो.

कूलंटने भिजलेला जुना बेल्ट परत चढवणे ही काटकसर नव्हे. तसेच बेल्ट नवा घालून पंप जुनाच ठेवणेही चूक, कारण पंपाचे बेअरिंग जाम झाले की नवा बेल्टही तुटतो किंवा त्याचे दाते निघतात. पंप, बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला नुसती वाट देणारी पुली) एकत्रच बदलावेत.

लक्षणेही वेगळी असतात. बाहेरचा बेल्ट तुटला की बॅटरीचा दिवा लागतो, मग तापमानाचा काटा चढू लागतो आणि गाडी कडेला घ्यायला थोडा वेळ मिळतो. टायमिंग बेल्ट तुटला की इंजिन जागीच बंद पडते. बाहेरच्या पंपाचे सील गेले की शाफ्टखालच्या बारीक छिद्राजवळ कूलंटचे वाळलेले डाग दिसतात. आतल्या, म्हणजे टायमिंग बेल्टवरच्या, पंपाची गळती टायमिंग कव्हरच्या खालच्या कडेने टपकते आणि दोष होजवर जातो.

टायमिंग बेल्ट आहे की त्याच्या जागी चेन, एवढ्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनात पंप फिरतो बाहेरच्याच बेल्टवर, पण तो काढण्यासाठी टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो. चेन असली म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही: अमेरिकेत फोर्डच्या ३.५ लिटर व्ही-६ इंजिनाच्या, आडवे इंजिन असलेल्या गाड्यांत पंप आत चेनवर बसवलेला असतो आणि तो गळू लागला की कूलंट ऑइलमध्ये उतरू शकते. म्हणून आपल्याच इंजिनाची सर्व्हिस पुस्तिका उघडावी आणि पंप काढण्याच्या कृतीत टायमिंग कव्हर येते का, तेवढे आधी पाहावे.

बाकीचे दोन्हीकडे सारखेच. रबरी रिंग दिलेली असताना वरून सिलिकॉन थापू नये, कारण जास्तीचे आत निघून कूलंटच्या वाटा अडवते. नळाच्या पाण्याऐवजी योग्य कूलंट भरावे, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हवा काढावी आणि इंजिन गार झाल्यावर पातळी पुन्हा तपासावी.