परिषदेचा आमदारही निवडूनच येतो

विधानसभेचा आमदार सगळ्यांना माहीत आहे. २८८ मतदारसंघ, पाच वर्षांची मुदत, किमान वय २५, ज्याला जास्त मतं तो विजयी. घोळ होतो तो विधान परिषदेच्या आमदाराबद्दल. 'ते काय, राज्यपालांनी नेमलेले' असं चांगली शिकलेली माणसंही ठोकून देतात. हे साफ चूक आहे.

परिषदेच्या ७८ जागांपैकी राज्यपालनियुक्त फक्त १२. उरलेल्या ६६ जागांवर निवडणूक होते: ३० जागा विधानसभेचे आमदार निवडतात, २२ नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यांसारखे स्थानिक लोकप्रतिनिधी, ७ शिक्षक आणि ७ पदवीधर. म्हणजे पदवीधराला इथे थेट मत आहे, आणि नेमकं तेच सर्रास वाया जातं.

पहिली चूक नोंदणीची. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून पदवीधरच्या यादीत ते आपोआप येत नाही. ही यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते, त्यामुळे मागच्या वेळची नोंदणीही चालत नाही. अर्ज क्रमांक १८ पुन्हा भरायचा, सोबत पदवीचा पुरावा जोडायचा. संबंधित वर्षाच्या १ नोव्हेंबरच्या आधी पदवी मिळून किमान तीन वर्षं झालेली हवीत. शिक्षकांचा अर्ज वेगळा, क्रमांक १९.

दुसरी चूक मतपत्रिकेवर होते. इथे पसंतीक्रम लिहायचा असतो. आवडत्या उमेदवारापुढे १ हा आकडा, मग हवे तर २, ३. बरोबरची खूण केली, 'एक' असं अक्षरात लिहिलं, दोघांपुढे १ टाकला किंवा सही ठोकली, की मत बाद. पेनही केंद्रावर दिलेलंच वापरायचं. दुसरी पसंती सक्तीची नाही, पण ती जरूर लिहावी. जिंकायला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त लागतं. तेवढी कुणालाच मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजतात. तुमचा उमेदवार बाद झाला आणि पुढे काहीच लिहिलेलं नसलं, तर तुमची मतपत्रिका मोजणीतून बाहेर पडते.

आमदारांनी निवडायच्या जागांना हेच तत्त्व, पण तिथे एका मताचं मूल्य १०० धरतात. दहा जागा आणि २८८ वैध मतं असतील तर २८,८०० ला ११ ने भागून एक मिळवायचा: जिंकायला लागणारा आकडा, म्हणजे कोटा, २,६१९ येतो; त्यासाठी पहिल्या पसंतीची २७ मतं लागतात. मतदान गुप्त असतं, म्हणून मतं फुटतात. राज्यसभेला मात्र पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवावी लागते.

बाकी फरक थोडक्यात. परिषदेला वयाची अट ३०, मुदत सहा वर्षं, आणि सभागृह कधी विसर्जित होत नाही. परिषदेचा आमदार मुख्यमंत्री होऊ शकतो. पृथ्वीराज चव्हाण आणि उद्धव ठाकरे तसे होते. पण विश्वासदर्शक ठरावावर त्याला मत नाही, राष्ट्रपती आणि राज्यसभेच्या निवडणुकीतही नाही. त्यामुळे बहुमताचा १४५ चा हिशेब मांडताना परिषदेचे आमदार त्यात मिसळू नयेत. आणि विधानसभेला अध्यक्ष असतात, परिषदेला सभापती. बातमीत तरी हे नीट लिहा.