समुपदेशकाच्या हातातली मोजपट्टी

'फक्त ९ प्रश्न, दोन मिनिटं, आणि कळेल तुम्हाला डिप्रेशन आहे का!' असे मेसेज हल्ली फोनवर फिरत असतात. त्यामागे अनेकदा पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली असते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले की पुढची तपासणी करायची. प्रश्नावली चांगली आहे, डॉक्टरही वापरतात. माझी तक्रार आहे ती तिचा आकडा तापासारखा वाचण्याबद्दल. थर्मामीटरला रुग्णाची भाषा यावी लागत नाही. प्रश्नावलीत मात्र माणूस प्रश्न वाचतो, त्याचा आपल्यापुरता अर्थ लावतो, काय सांगितलेलं बरं दिसेल ते ठरवतो आणि मग खूण करतो. आकडा येतो तो एवढ्या गाळण्यांतून.

समुपदेशनातली सांस्कृतिक संवेदनशीलता म्हटलं की आपल्याला सौजन्य आठवतं. समोरच्याच्या श्रद्धेची थट्टा करू नये, नाव नीट उच्चारावं, वगैरे. ते हवंच. पण या विषयात एक कोरडा, गणिती कोपरा आहे आणि मला तोच सगळ्यात आवडतो. दोन वेगळ्या पार्श्वभूमीच्या माणसांना सारखेच गुण मिळाले, तर त्यांचं दुःख सारखं आहे का, हे चक्क तपासता येतं.

सीईएस-डी ही १९७७ सालची प्रश्नावली घ्या. २० प्रश्न, कमाल ६० गुण, १६ किंवा जास्त आले की नैराश्याची शंका. त्यात दोन विधानं अशी आहेत: 'लोक माझ्याशी तुटक वागले' आणि 'लोकांना मी आवडत नाही असं वाटलं'. आता ज्याला कातडीच्या रंगावरून रोज तुच्छ वागणूक मिळते, तो याला काय उत्तर देईल? खरं तेच देईल. समजा त्याला एकूण १७ गुण पडले आणि त्यातले ४ या दोन विधानांचे आहेत. ते वगळले तर उरतात १३. म्हणजे समाजाचा आजार त्याच्या खात्यावर लिहिला गेला.

ही नुसती शंका नव्हती. अमेरिकेतल्या न्यू हेवनमधल्या वृद्धांच्या उत्तरांची छाननी २००० साली प्रसिद्ध झाली. एकूण लक्षणं सारखी असलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय व्यक्तींची तुलना केली, तर या दोन विधानांना वरचे गुण देण्याची शक्यता (नेमकं म्हणायचं तर 'ऑड्स', म्हणजे वरचे गुण देणाऱ्यांचं न देणाऱ्यांशी प्रमाण) कृष्णवर्णीयांमध्ये दुपटीहून जास्त निघाली. रडू येण्याच्या प्रश्नावर असाच फरक स्त्रिया आणि पुरुषांमध्ये दिसला.

याला डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग म्हणतात. आडव्या अक्षावर नैराश्याची खरी तीव्रता घ्या आणि उभ्या अक्षावर एका ठरावीक प्रश्नाला 'हो' म्हणण्याची शक्यता. आलेख इंग्रजी 'एस'सारखा येतो: कमी तीव्रतेला जवळजवळ सपाट, मध्ये चढ, वर पुन्हा सपाट. प्रश्न निःपक्ष असेल तर दोन्ही गटांचे वक्र एकमेकांवर बसतात. एका गटाचा वक्र डावीकडे सरकला, तर तो गट कमी त्रासातच 'हो' म्हणतो आहे. उजवीकडे सरकला, तर बराच त्रास झाल्याशिवाय कबूल करत नाही. वक्र एकमेकांना छेदत असतील तर प्रकरण आणखी अवघड, कारण मग सौम्य त्रासात एक गट पुढे आणि तीव्र त्रासात दुसरा.

पण खरी तीव्रता दिसत कुठे असते? ती आपण बाकीच्या प्रश्नांच्या गुणांवरून ताडतो, आणि त्यातलेही काही प्रश्न वाकडे असू शकतात. म्हणून संशयित प्रश्न बाजूला काढायचे, उरलेल्यांवरून तीव्रता पुन्हा मोजायची, पुन्हा सगळे प्रश्न तपासायचे. यादी स्थिर होईपर्यंत हेच. आता गंमत पाहा: सगळेच प्रश्न एकाच दिशेला सारखेच झुकलेले असतील, तर ही तपासणी काहीच पकडणार नाही. पट्टीवरच्या सगळ्या खुणा सारख्याच सरकल्या असतील तर त्याच पट्टीने ती चूक कशी कळणार? त्यासाठी पट्टी सोडून माणसाशी बोलावं लागतं. (इथवर येताना दमला असाल तर मागचे दोन परिच्छेद विसरा, पट्टी तेवढी लक्षात ठेवा.)

मानसोपचारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी तेच केलं. १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात त्यांनी 'न्यूरास्थेनिया' म्हणजे मज्जातंतूंचा थकवा असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. अमेरिकी निकषांनी त्यातले ८७ नैराश्यात बसत होते. रुग्णांची तक्रार मात्र डोकेदुखी, झोप, अशक्तपणा यांची होती. सांस्कृतिक क्रांती ही माओंच्या राजवटीतली राजकीय मोहीम नुकतीच संपली होती, आणि त्या काळात मन उदास आहे असं म्हणणं राजकीयदृष्ट्या धोक्याचं होतं. डोकं दुखतंय म्हणायला कोणाची हरकत नव्हती. पण म्हणून 'त्यांना खरं तर नैराश्यच होतं' असं म्हणून मोकळं व्हावं का? एका समाजात घडलेला निदानाचा साचा दुसरीकडे न तपासता लावणं हीच चूक, असा इशारा क्लाइनमन यांनीच १९७७ साली दिला होता.

उलट्या टोकाने सुरुवात झिंबाब्वेत झाली. शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणजे अति विचार करणं. लोक आपल्या त्रासाला हेच नाव देतात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात तिथल्या रुग्णांच्या बोलीतूनच १४ प्रश्नांची प्रश्नावली बांधली. पुढे हरारेत प्रशिक्षित स्थानिक आरोग्यसेविकांनी, त्यातल्या बऱ्याच आजीच्या वयाच्या, बाकावर बसून समुपदेशन केलं. ५७३ जणांवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली आले. सहा महिन्यांनी याच प्रश्नावलीवर समुपदेशन मिळालेल्यांची सरासरी ३.८१ होती आणि नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांची ८.९० (गुण जितके कमी तितका त्रास कमी).

आता एक चिमटा. असं काही वाचलं की 'अमुक समाजाची माणसं भावना दाखवत नाहीत, तमुक समाज कुटुंबाला विचारल्याशिवाय हलत नाही' अशी कोष्टकं प्रशिक्षणवर्गांत वाटली जातात. माझ्या मते हे राशिभविष्यच, फक्त राशीच्या जागी जात, धर्म नाहीतर देश. गटाची सरासरी समोरच्या खुर्चीतल्या एका माणसाबद्दल फारच थोडं सांगते. 'सगळ्या संस्कृती समजणारं' समुपदेशन ॲप आलंय म्हणतात, त्याचं कोष्टक मोठं असेल इतकंच.

मग क्लायंट म्हणाला, 'माझ्यावर कोणीतरी करणी केली आहे', तर? करणी खरी मानायची नाही; आदर म्हणजे हो ला हो नव्हे. पण लगेच व्याख्यानही द्यायचं नाही. हे कोण म्हणालं, कधीपासून, त्यानंतर घरात कोण कोणाशी कसं वागू लागलं, आतापर्यंत कुठे कुठे जाऊन आलात, किती पैसे गेले, हे विचारायचं. खरा त्रास आणि खरी फसवणूक दोन्ही याच उत्तरांत सापडतात.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदान-नियमावलीत यासाठी १६ प्रश्नांची मुलाखत दिली आहे. तिच्यात साधारण असं विचारतात: हा त्रास तुम्ही घरच्यांना, मित्रांना कोणत्या शब्दांत सांगता? त्याला गुण नाहीत आणि वक्रही नाही.

अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००२ च्या आचारसंहितेत मोजपट्टीबद्दलही कलम आहे. ज्या लोकांची चाचणी घ्यायची त्यांच्यासाठी ती पडताळलेली असावी, आणि तशी नसेल तर निष्कर्षांच्या मर्यादा स्पष्ट लिहाव्यात. तेव्हा कोणी तुमच्या हातात असा आकडा ठेवला, तर खुशाल विचारा: ही प्रश्नावली माझ्या भाषेत, माझ्यासारख्या लोकांवर तपासली आहे का? चांगला समुपदेशक या प्रश्नाने रागावत नाही. तपासलेली नसेल तर तो तसं सांगतो, कागद बाजूला ठेवतो आणि म्हणतो, 'बरं, तुमच्या शब्दांत सांगा.'